शंभर हत्तींचा पडदा

गोरक्ष डेर्ले यांनी आयुष्यात एकदाच सिनेमा लावला. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण अजूनही नाशकात एखाद्या थेटरावर मोठं पोस्टर चढलेलं दिसलं की ते सायकलवरून उतरतात, रस्ता ओलांडतात आणि खाली मान घालून चाकातली हवा तपासत पलीकडच्या बाजूने जातात. त्यांच्या पत्नी विमलताई विचारतात, "अहो, त्या पोस्टरनं तुमचं काय घोडं मारलंय?" घोडं नव्हे, हत्ती. पण हे उत्तर गोरक्षरावांनी कधी दिलेलं नाही.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. गोरक्षराव एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. इंदिरानगरात नुकतंच घर झालं होतं, घरापुढे कर्दळ लावली होती आणि माणसाला अशा वेळी जे होतं ते त्यांना झालं होतं, म्हणजे आपल्याला सगळ्यातलं थोडंफार कळतं असं त्यांना वाटू लागलं होतं. त्यांचं गाव सायखेडा, गोदावरीच्या काठावर. तिथे त्यांची आई लंकाबाई धाकट्या मुलाकडे राहत. गावात मुलींच्या शाळेची एक खोली लोकांनी श्रमदानातून उभारली होती, पण भिंती झाल्या आणि उत्साह संपला. छप्पर राहिलं ते राहिलंच. मुली देवळाच्या ओसरीत बसायच्या. एकीकडे टाळ आणि एकीकडे पाढे असं तिथे चाललेलं असे, त्यामुळे गावातल्या मुलींना एकोणतीसचा पाढा चालीवर येत होता पण गुणाकार येत नव्हता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गोरक्षराव गावी गेले तेव्हा पारावर याच छपराचा विषय निघाला. जुने सरपंच कारभारीअण्णा म्हणाले, "धोंडीरामचा तंबू आणू एक दिस. मदतीचा खेळ लावू. त्यो दरसालचा देवाचा सिनेमा हाय ना, त्योच. बाया रडत्यात, तिकिटं खपत्यात, पत्रे निघून जातील."

इथे गोरक्षरावांनी गप्प बसायला हवं होतं. पण अंगात टेरिकॉटचा शर्ट होता आणि सगळं गाव ऐकत होतं.

"अण्णा, देवाचा सिनेमा किती दिवस दाखवणार?" ते उभे राहून म्हणाले. "ज्यात पैसा घातलाय, त्यातूनच पैसा निघतो. सिनेमा आणायचा तर मोठा आणू. पत्र्यांचं माझ्याकडं लागलं."

पैसा घालण्याचा त्यांचा स्वतःचा अनुभव भविष्य निर्वाह निधीपुरता होता, आणि तोही सरकार परस्पर कापून घेत असे. पण शब्द तोंडातून गेला. दुसऱ्या दिवशी लंकाबाईंनी नदीवर धुणं धुताना तो सगळ्या बायांना सांगून टाकला. "शाळा उघडायच्या आत खोलीवर पत्रे पडतील. माझ्या गोरखनं शब्द दिलाय." लंकाबाईंना अक्षरओळख नव्हती आणि त्यांची नात त्या ओसरीत तिसरीत बसत होती, म्हणून त्यांनी हे जरा मोठ्यानेच सांगितलं. आता ते गोरक्षरावांचं न राहता लंकाबाईंचं वचन झालं होतं, आणि ते मोडणं कठीण होतं.

त्या सिनेमाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. त्या बिचाऱ्याला आधीच पुष्कळ सोसावं लागलं होतं. एवढंच सांगतो की त्यात एक अख्खा किल्ला बांधून जाळला होता, शंभर हत्ती होते, आणि निर्मात्याने आपला बंगला गहाण टाकला असं गोरक्षरावांनी सलूनमधल्या मासिकात वाचलं होतं. एवढं करून तो नाशकात दोन आठवडेसुद्धा धड टिकला नव्हता. गोरक्षरावांच्या मते हा नाशिककरांचा दोष होता.

इंदिरानगरात ही बातमी पसरली आणि सल्ले येऊ लागले. नवी वसाहत, नळाला पाणी बेताचं, पण सल्ल्याला कधी टंचाई पडली नाही. एवढा मोठा सिनेमा का पडला याचं कारण प्रत्येक घरात तयार होतं. कोणी म्हणालं लांबी फार, शेवटची सिटी बस चुकते. कोणी म्हणालं नायक शेवटी मरतो, आणि मरणार असेल तर माणूस आपल्या खिशातले पैसे का देईल? शेजारचे भिकन पगार गुरुजी सटाण्याकडचे. पेन्शनीत निघून त्यांनी नाशकात घर बांधलं तरी बोलण्यातला अहिराणी 'शे' तिकडे सोडला नव्हता.

"डेर्ले, हाई काम सोपं शे," गुरुजी म्हणाले. "पडलेला सिनेमा स्वस्तात मिळतो. हत्ती तेच, किल्ला तोच, भाडं निम्मं. फायदाच शे!"

विमलताई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "हत्ती बघायला माणूस एकदा जाईल. रडायला परत परत जातो. अण्णा म्हणतात तोच आणा."

"तुला त्यातलं कळत नाही," गोरक्षराव म्हणाले. हे वाक्य विमलताईंनी जपून ठेवलं आणि पुढे योग्य प्रसंगी, आणि कधी कधी प्रसंग नसतानाही, त्यांना परत केलं.

मदतीचा खेळ असला की करमणूक कर माफ होतो. त्यासाठी गोरक्षरावांनी अर्ज केला. स्वतः अर्जांवर शेरे मारण्यात हयात घालवलेला माणूस, त्याला अर्ज कसा करू नये हे माहीत असायला हवं होतं. पण समोरच्यावर छाप पडावी म्हणून त्यांनी लिहिलं की चित्रपटात शंभर हत्ती असून शेवटी प्रचंड आग आहे. टेबलामागच्या कारकुनाने ते दोनदा वाचलं.

"हत्ती कुठे उतरवणार?"

"अहो, हत्ती सिनेमात आहेत."

"तसं इथे कुठे लिहिलंय? आणि आग लागणार म्हणता, तर अग्निशामक दलाचा ना-हरकत दाखला जोडा."

गोरक्षरावांनी बरंच समजावलं. कारकून शांतपणे म्हणाला, "साहेब, मला कळतंय. पण उद्या वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?" हे वाक्य गोरक्षराव स्वतः रोज लोकांना ऐकवत होते. उलट्या बाजूने ते कसं लागतं हे त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी मुकाट्याने नवा अर्ज केला, त्यातून हत्ती काढले, आग विझवली, आणि 'सदर चित्रपट ऐतिहासिक व बोधपर आहे' असं लिहिलं. शिक्का मिळाला.

मग धोंडीराम. हा तंबूचा मालक अतिशय गोड माणूस होता. त्याने आयुष्यात कोणाला 'नाही' म्हटलं नव्हतं आणि म्हणून त्याच्यावर कधी कसली जबाबदारी आली नव्हती.

"आणू ना साहेब, मोठाच आणू," तो म्हणाला. "फक्त ह्यो सिनेमा रुंद हाय. भिंग भाड्यानं मिळंल. पण माझा पडदा चौकोनी. दोन्ही कडेचं चित्र कापावं लागंल."

"म्हणजे हत्ती किती राहतील?"

धोंडीरामने डोळे मिटून अंदाज घेतला. "मधले राहतील."

हे गोरक्षरावांना सहन झालं नाही. निर्मात्याने बंगला गहाण टाकून हत्ती आणायचे आणि सायखेड्याने ते कडेने कापायचे? त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की पडदा नवा शिवायचा.

मांजरपाटाचे तागे आले. विमलताईंच्या आणि गुरुजींच्या घरच्या शिलाई मशीनवर पट्ट्या जोडल्या गेल्या. पडदा एवढा वाढला की घरात मावेना, तेव्हा तो कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर पसरला आणि बायका कडेने बसून टीप मारू लागल्या. कोणीतरी विचारलं, "कुणाचं लग्न आहे?" गुरुजींनी पडद्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मागून काळं कापड नै लावत का? जुन्या पडद्याले ऱ्हातं."

कापडाचा खर्च आधीच हाताबाहेर गेला होता.

"कशाला?" गोरक्षराव म्हणाले. "मागून कोण बघणार आहे?"

खेळ शनिवारी संध्याकाळी होता. नदीकाठच्या मोकळ्या जागेत धोंडीरामने तंबू ठोकला. दुपारी पडदा उलगडला, आणि तो तंबूपेक्षा रुंद निघाला. थोडाथोडका नव्हे, दोन्ही बाजूंनी चांगला बैलगाडी जाईल एवढा. गोरक्षरावांनी हत्तींचा विचार केला होता, तंबूचा केला नव्हता. धोंडीराम म्हणाला, "काळजी नाय साहेब," आणि त्याने तंबूची मागची कनात सोडवली, नदीकडच्या बाजूला दोन उंच बांबू रोवले आणि पडदा उघड्यावर ताणला. तंबूच्या मागच्या तोंडाला तो भिंतीसारखा उभा राहिला. दृश्य भव्य होतं. गोरक्षरावांना भरून आलं. लंकाबाई येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या, "लय मोठं धोतर वाळत घातलंय." गोरक्षरावांनी ते कौतुक समजून घेतलं.

दिवस मावळला. भोंग्यावर गाणी सुरू झाली. गोरक्षराव तिकीट खिडकीपाशी इस्त्रीच्या कपड्यांत उभे होते. माणसं येत होती, पण ती खिडकीकडे न वळता नुसती नमस्कार करून तंबूला वळसा घालून पुढे जात होती. "लोक पाय मोकळे करतायत," गोरक्षराव धोंडीरामला म्हणाले. "येतील." धोंडीराम म्हणाला, "येतील की साहेब."

आत खुर्चीची तिकिटं घेऊन कारभारीअण्णा, ग्रामसेवक आणि गावातली चार प्रतिष्ठित माणसं बसली होती. जमिनीच्या तिकिटावर तुरळक मंडळी. आधी सरकारी माहितीपट लागला, कोंबड्या कशा पाळाव्यात यावर. तो सरकारच्या नियमाने दाखवावाच लागे. तेव्हा गोरक्षरावांनी पहिल्यांदा ऐकलं की आतल्या माणसांपेक्षा बाहेरून जास्त मोठा हशा येतो आहे. नदीच्या पात्रातून.

मुख्य सिनेमा सुरू झाला. पडदा इतका जवळ आणि इतका मोठा होता की खुर्चीवाल्यांना एका वेळी एकच बाजू दिसे. राजा डावीकडून बोलला की माना डावीकडे, वजीर उजवीकडून बोलला की माना उजवीकडे. त्यात नदीवरून वारा सुटला. पडदा फुगला, तसे हत्तीही फुगले. एक हत्ती तर दिवस भरल्यासारखा पोटाने पुढे आला आणि बाहेरून शिट्ट्या झाल्या. धोंडीरामकडे मशीन एकच, त्यामुळे दर रिळानंतर काळोख. काळोख झाला की पात्रातून आरडाओरडा व्हायचा, "ए धोंड्या, चालू कर! किती टाईम लावतो!"

गोरक्षरावांना संताप आवरेना. तिकीट काढलेली माणसं बिचारी गप्प होती आणि फुकटे वेळेचा हिशोब मागत होते! ते टॉर्च घेऊन तरातरा मागे गेले. "हा मदतीचा खेळ आहे" हे वाक्य त्यांनी वाटेत जुळवून ठेवलं होतं.

मागे सगळं सायखेडा गाव बसलं होतं. वाळूत घोंगड्या पसरून, पोराबाळांसकट, भाकरी-ठेच्याच्या फडक्यांसकट. पलीकडच्या काठावर पलीकडचं गाव बसलं होतं. पुलावर दोन ट्रक दिवे मालवून उभे होते आणि त्यांच्या टपावरही माणसं होती. मांजरपाटातून चित्र आरपार येत होतं, फक्त उलटं, म्हणजे नायक डाव्या हाताने तलवार चालवत होता. पण वाळूवरून मात्र पडदा पुरा दिसत होता, एकही हत्ती न कापता. गोरक्षरावांनी टॉर्च मारला आणि तो नेमका कारभारीअण्णांच्या तोंडावर पडला. अण्णा आपली खुर्ची उचलून बाहेर आले होते.

"इथनं मान दुखत नाय," अण्णा म्हणाले, आणि पडद्याकडे वळले.

गोरक्षरावांनी जुळवलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात अंधारातून कोणीतरी त्यांच्या पँटीला धरून खाली ओढलं.

"ए बाबा, खाली बस ना. मागच्यांना दिसत नाय."

आवाज आईचा होता. बायांच्या घोळक्यात, तोंडात शेंगदाणे टाकत लंकाबाई बसल्या होत्या. गोरक्षरावांची उजेडाला पाठ होती, तेव्हा आईने आपल्याला ओळखलं नाही असं त्यांनी धरलं. गोरक्षराव खाली बसले. लंकाबाईंनी न पाहताच मूठभर शेंगदाणे पुढे केले आणि विचारलं, "तंबूत तिकीट काढून बसलेत म्हणं काही जण. कोण येडे हायेत रे?"

"असतील कुणीतरी," गोरक्षराव आवाज जाड करून म्हणाले. त्यांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं, पण खाली नुसती वाळू होती. मग, आता आपण पाहतो आहोतच, तर किल्ला जळेपर्यंत थांबू, असं म्हणून ते थांबले. आग चांगली लागली होती, आणि त्यांना ती आवडलीही. याचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

खेळ संपल्यावर धोंडीरामने आपलं भाडं घेतलं, सिनेमाच्या पेटीचं भाडं घेतलं, भिंगाचं घेतलं, आणि "आनंद झाला साहेब" म्हणून गोरक्षरावांच्या हातावर उरलेलं ठेवलं. त्यात पत्रे सोडाच, पत्र्यांचे खिळेही आले नसते. गोरक्षरावांना रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे त्यांनी पिशवी भरली आणि पहिल्या एसटीने निघून जायचं ठरवलं, नदीवरच्या बायांची तोंडं दिसायच्या आत.

ओट्यावर लंकाबाई बसल्या होत्या. शेजारी एक पाटी आणि रिकामी पोती.

"कुठं निघाला?"

"आई, कचेरी आहे."

"आज आईतवार हाय." त्यांनी पोतं लेकाच्या अंगावर टाकलं. "धर. चल माझ्यासंगं."

"कुठे?"

"कुठं म्हंजी? खेळ झाला ना? आता मागायचं. बहुरूपी येतो, गोंधळी येतो, आधी पैसे घेतो का कुणी? खेळ दाखवत्यात आन् सकाळी दारावर येत्यात. ज्याला जसा आवडला तसं त्यो देतो. तू न दाखवताच मागितलं. कोण देईल?"

"आई, मी सरकारी नोकर आहे! पोतं घेऊन दारोदार? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी फुकट पाहिलं, त्यांना लाज नाय वाटली. आन् मी नदीवर सांगून बसलेय, त्याचं काय?" एवढं बोलताना लंकाबाईंचा आवाज जरा कापला. गोरक्षरावांनी पिशवी खाली ठेवली आणि पोतं उचललं.

तर पुढे लंकाबाई पाटी घेऊन, मागे इस्त्रीची पँट, मनगटी घड्याळ आणि खांद्यावर पोतं अशा थाटात वरिष्ठ लिपिक डेर्ले, अशी ती वरात निघाली. गोरक्षरावांनी जन्मात एवढी मान खाली घातली नव्हती. सायखेड्याच्या गल्लीत किती प्रकारचे दगड बसवले आहेत हे त्यांना त्या दिवशी समजलं.

पहिलं दार भागीबाईंचं. त्यांनी पायलीभर गहू टाकला आणि म्हणाल्या, "कोंबड्याचा भाग लय चांगला होता. खुराडं कसं बांधायचं ते बरोबर दावलं."

"आणि हत्ती?" गोरक्षरावांना राहवलं नाही.

"हत्ती होते का? मी तवा पोराला झोपवीत होते."

सुलाबाई मात्र नाराज होत्या. "त्या डावऱ्याला मारायला नको होतं," त्या म्हणाल्या. "एवढं सगळं केलं त्यानं, आन् शेवटाला मेला. जगला आसता तर गहू दिला आसता." त्यांनी बाजरी दिली. पुढच्या घरच्या म्हाताऱ्याने मापटं निम्मंच भरलं, कारण मधलं एक रीळ त्याला झोप लागली होती आणि न पाहिलेल्याचं तो देणार नव्हता. चतुराबाईंनी राजाची आई दाराशी वाट पाहत बसते तो भाग आठवून पुन्हा डोळ्याला पदर लावला आणि दोन पायल्या घातल्या. किल्ला कोणालाच आठवत नव्हता. निर्मात्याचा बंगला ज्यात गेला त्याबद्दल सायखेड्याने गव्हाचा दाणासुद्धा दिला नाही. गोरक्षराव ते सगळं खांद्यावर वाहत होते आणि विमलताईंचं भाजी निवडतानाचं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढे येत होतं.

कारभारीअण्णा ओट्यावर मानेला तेल चोळत बसले होते. "माझं तिकीट हाय," ते आधीच म्हणाले.

"तिकीट आत बसायचं काढलं व्हतं," लंकाबाई म्हणाल्या. "पाहिलं कुठून?"

अण्णांनी तेलाची वाटी खाली ठेवली. आत जाऊन त्यांनी गहू आणला, आणि मग स्वतःहून बैलगाडी जुंपली, कारण पोती आता खांद्यावर मावत नव्हती. गावाला वळसा पूर्ण होईपर्यंत गाडी काठोकाठ भरली. उन्हाळा होता, कणग्या भरलेल्या होत्या, आणि सिनेमा कोणी पाहिला नाही असं घर नव्हतं. अण्णांनी गाडीभोवती फिरून पोत्यांवर हात मारला. "बाजारात घालू. बरेच पत्रे निघत्यात यात," ते म्हणाले. "सगळे नाय, पन बरेच."

गाडी शेवटी लंकाबाईंच्या दारात आली. लंकाबाईंनी आपल्या कणगीतून पायलीभर गहू काढून पोत्यात ओतला. "मला ती राजाची आई पटली," त्या म्हणाल्या. मग रिकामी पाटी त्यांनी गोरक्षरावांपुढे धरली.

"आता तू."

"मी?" गोरक्षरावांना हसू आलं. "आई, सिनेमा मीच तर आणला!"

"आणला तू. पाहिला कुठून?"

लंकाबाई त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. म्हणजे काल रात्री अंधारात, शेंगदाणे देताना, आईने आपल्याला ओळखलं होतं.

"वाळूतून," ते म्हणाले.

"तिकीट काढलं व्हतं?"

काढलं नव्हतं. सगळ्या गावाला सांगत सुटलेला, अर्ज केलेला, पडदा शिवलेला माणूस, त्यानेसुद्धा तो सिनेमा फुकटच पाहिला होता. मग इतरांना काय बोलायचं? गोरक्षरावांनी खिसे चाचपले. खिशात फक्त एसटीच्या भाड्याचे पैसे होते. ते त्यांनी काढले आणि पाटीत टाकले.

त्याच वेळी नाशिकची गाडी पुलावर चढली आणि तिने हॉर्न दिला. नदीकाठी नवा पडदा अजून बांबूंना लटकत होता आणि त्याच्या सावलीत कोणाच्या तरी शेळ्या बसल्या होत्या.

"आई, उद्या सोमवार आहे," गोरक्षराव हळूच म्हणाले. "मी कचेरीत कधी गैरहजर राहिलेलो नाही."

"मग ऱ्हा की एक दिस," लंकाबाई पोत्याचं तोंड शिवत म्हणाल्या. "उद्या पल्याडच्या गावाला जायचंय. तिकडनंबी लय लोकांनी पाहिलाय. आन् ती पँट काढून ठेव, धोतर देते."